सात नंबरची सपाट रेघ

४ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. मोजून घे, नंतर कमी पडले म्हणून भांडू नकोस.

तुझं पुडकं पोचलं. टपालातल्या बाईने ते हलवून पाहिलं, कानाला लावलं आणि म्हणाली, "आजी, घड्याळ आहे का?" मी म्हटलं, "नातीने पाठवलंय, म्हणजे काहीतरी बिनकामाचं असणार." घरी येऊन उघडलं तर काड्यापेटीएवढा काळा डबा, त्याला पट्टा, आणि सोबत तुझी चार पानं. चौथी शिकलेल्या बाईला कोणी चार पानं पाठवतं का? तिसऱ्यावर माझा डोळा लागला.

एवढं कळलं की हे कोपराखाली बांधायचं, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं. तुझे आजोबा गेल्याला दीड वर्ष झालं, तेवढे दिवस तोच सराव चाललाय. घरात आवाज करतो तो फक्त नळ, तोही गळका आहे म्हणून.

पण हे कशासाठी ते थोडक्यात सांग. आणि माझ्यावरच का? तुमच्या प्रयोगशाळेतली माणसं संपली का? फोन करू नकोस, फोनवरचं मला ऐकू येत नाही. तुझा बाप दर रविवारी करतो, मी नुसतं "हो, हो" म्हणते. मागच्या खेपेला त्याने बहुतेक "पडलीबिडली नाहीस ना?" असं विचारलं. मी म्हटलं, "हो, हो." त्याने वरच्या मजल्यावरच्या माणसाला दार ठोठावायला पाठवलं. तेव्हा लिहायचं असेल तर लिही.

आजी

११ जानेवारी

आजी,

नमस्कार. वाकून केलाय, दिसला नाही तरी धरून चाल.

थोडक्यात सांगते. लोणी, तळलेलं वगैरे खाल्लं की तीनचार तासांनी ती चरबी रक्तात उतरते आणि रक्त गढूळ होतं, पाण्यात दुधाचे थेंब पडल्यासारखं. हा डबा कातडीतून उजेड आत सोडतो. रक्त स्वच्छ असेल तर तो फारसा पसरत नाही. गढूळ असेल तर धुक्यात दिवा पसरतो तसा पसरतो. त्यातला किती परत बाहेर आला ते डबा पकडतो, आणि त्यावरून रक्तात चरबी किती ते कळतं. सुई नाही, रक्त काढणं नाही.

तुझ्यावर का, तर इथे आम्ही सगळे तिशीतले. आमच्यावर डबा चोख चालतो. पण ज्यांना सुईचा सगळ्यात जास्त त्रास, ते म्हातारे. शेवटी आजोबांच्या हाताची काय चाळण झाली होती ते तू पाहिलंस. म्हाताऱ्या कातडीतून उजेड नीट जातो का, हे शोधायचं काम माझ्याकडे आहे. सात जण घेतलेत. सहा साठी-सत्तरीचे, ऐंशीच्या पुढची तू एकटी. कागदावर नावं लिहीत नाहीत, म्हणून तू सात नंबर.

जेवणाआधी एकदा बटण दाब, मग दर तासाला एकदा, पाच तास. हिरवा दिवा लागला की झालं. डबा तुला आकडा दाखवणार नाही, तो आतल्या कार्डात लिहून ठेवतो. काय खाल्लं ते तू सोबतच्या छापील तक्त्यावर लिही आणि कार्ड नि तक्ता मला पाठव. मी दोन्ही शेजारी ठेवून बघीन. खास काही करू नकोस, रोज जेवतेस तसंच जेव. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, विचारत होत्या की बाई एकटीच राहते तर नीट जेवते ना. मी सांगितलं, माझ्या आजीने एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज एकशे चाळीस माणसांना जेवू घातलंय. तिच्या ताटाची काळजी नको.

तुझी भिंगरी

२२ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद.

कार्ड पाठवते आहे. नखाएवढं आहे, शिंकले असते तर गेलं असतं. सोमवार ते शनिवार सहा दिवसांचं आहे. रविवारी डब्याला सुट्टी दिली.

तक्ता नीट भरलाय. सोमवारी लोण्यात परतलेले बटाटे, दोन अंडी, पाव. मंगळवारी भात, कांद्याचं सूप, वर साय. बुधवारी तळलेला मासा, भात, लोणी-पाव. बाकीचं तू वाच. तुझ्या मोठ्या बाईंना सांग, दात शाबूत आहेत.

एक तक्रार आहे. पट्टा सैल होतो. शेवटच्या भोकात अडकवला तरी डबा घसरून मनगटावर येतो, बांगडीसारखा. तुमच्याकडे माप घेणारा कोण आहे, त्याला आधी शिंप्याकडे पाठवा.

हिरवा दिवा छान आहे. दर तासाला लागतो. घरात कोणीतरी वेळ पाळतंय म्हणायचं.

आजी

३० जानेवारी

आजी,

नमस्कार.

कार्ड उघडलं. जरा गंमत झालीय. बाकी सहाही जणांची रेघ जेवणानंतर टेकडीसारखी वर चढते आणि पाचव्या तासाला उतरायला लागते. तुझी सहाही दिवस सपाट. टेबलावर पट्टी ठेवून ओढल्यासारखी. लोणी, साय, तळलेला मासा, आणि डबा म्हणतो की बाईंनी काही खाल्लंच नाही.

पण तू पट्ट्याचं लिहिलंस म्हणून बरं झालं, मला कारण सापडलं. डबा सैल बसला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आतला वाया जातो. पट्टा लहान करून पाठवतेय, आणखी दोन भोकं पाडलीत, खाली काळं कापडही शिवलंय. आता घट्ट बांध. पुन्हा सहा दिवस घेऊ.

मोठ्या बाईंना वाटतं की ऐंशीच्या पुढच्या कातडीत उजेड पोचतच नसावा. मी म्हटलं, आजीची कातडी एवढी जाड नाही. त्या हसल्या. मी नाही हसले, मला हे खरंच चालायला हवंय.

भिंगरी

१० फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद.

बांधला घट्ट. एवढा घट्ट की काढल्यावर हातावर तुझ्या कंपनीचा शिक्का उमटतो. हे दुसरं कार्ड आणि हा तक्ता. सोमवारी बटाटे, अंडी, पाव. मंगळवारी भात, सूप, साय. बुधवारी मासा. तेच ते काय लिहायचं, वाचशील.

आता मी एक विचारते. तुझ्या डब्याला जर माझ्या हातातलं काही दिसलं नाही, तर काय होतं? माझं नाव काढून टाकाल, दुसरी म्हातारी आणाल, संपलं. गल्लोगल्ली पडल्यात. मी काही रागावणार नाही. एवढ्याशा डब्याला सगळ्यांच्या पोटातलं कळलंच पाहिजे, असा हट्ट कशाला?

इथे ठीक आहे. जिन्यातला दिवा गेलाय, कोणी बदलत नाही. मी भिंतीला हात लावून उतरते, पायऱ्या एकोणीस आहेत.

आजी

१८ फेब्रुवारी

आजी,

दुसरं कार्डही सपाट.

मी पाच डबे उघडून पाहिले. दुधाच्या पाण्यावर लावले, माझ्या हाताला लावले, शेजारी बसणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाताला लावले. सगळे बरोबर चालतात. फक्त तुझ्यावर चालत नाहीत.

तू विचारलंस काय होतं. खरं सांगते. वीस मार्चला माझा अहवाल जायचाय. तुझ्यावर चाललं नाही तर त्यात लिहायचं, 'ऐंशीच्या पुढे उपयोग नाही.' मग डबा बाजारात येईल तो त्याखालच्या लोकांसाठी. त्यापुढचे राहतील सुईवर. मी दोन वर्षं ज्यांच्यासाठी हे करतेय तेच नेमके बाहेर. दुसरी म्हातारी आणायला वेळ नाही, परवानग्यांनाच दोन महिने लागतात. आणि तुझ्या नंबराशिवाय माझ्याकडे त्या वयाचं दुसरं काही नाही.

मोठ्या बाईंकडून आणखी एक आठवडा मागून घेतलाय. शेवटचा. तू आहेस तशीच राहा, तुझं काही चुकत नाहीये. चूक माझ्याकडून कुठेतरी होतेय, ती मला सापडत नाही.

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

तिसरं कार्ड. तक्ता सोबत आहे. बुधवार नीट बघ. बुधवारी चाललं असेल तुझं यंत्र.

अक्षर वाकडं आलंय, लागलं नाही तर अंदाजाने वाच. दोनतीन दिवस पोट बरं नव्हतं, आता ठीक आहे. कोणाला कळवू नकोस.

आजी

८ मार्च

आजी,

पोट आता कसं आहे? बाबांना सांगितलेलं नाही.

बुधवार पाहिला. रेघ चढली. नुसती चढली नाही, बाकी सहा जणांपेक्षाही उंच गेली. मी खुर्चीतून उठून मोठ्या बाईंना बोलवायला धावले. त्यांनी तिन्ही तक्ते शेजारी मांडले आणि बोट ठेवलं. "हे बघ. तीन बुधवार. तिन्ही दिवशी तळलेला मासा, भात, लोणी-पाव. शब्दन्‌ शब्द सारखा. दोन वेळा डबा म्हणतो काहीच नाही आणि तिसऱ्या वेळी म्हणतो डोंगर. एकाच ताटाबद्दल दोन गोष्टी सांगणाऱ्या यंत्रावर कोण विश्वास ठेवणार?"

चाललंच नसतं तर फक्त ऐंशीच्या पुढचे गेले असते. आता प्रश्न सगळ्या डब्यावर आलाय. बाकी सहा जणांचे आकडे तरी खरे कशावरून, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. वीस तारखेला अहवालात 'भरवशाचं नाही' असं लिहून खाली मला सही करायचीय.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू दीड महिना इमानाने तक्ते भरलेस. तुझ्या तक्त्यांवर माझा डब्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

भिंगरी

११ मार्च, जलद टपालाने

भिंगरे,

सही करू नकोस.

हे पत्र बसून वाच. तुझा डबा बरोबर आहे. तक्ते खोटे आहेत.

मी जेवत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. सकाळी चहा, दुपारी चहा आणि दोन बिस्किटं, संध्याकाळी भूक लागली तर चहा. त्यावर भागतं. बरेच महिने असंच चाललंय. तुझा डबा मी रोज सांगितल्यावेळी बांधला, बटण दाबलं, पाच तास बसले. फक्त ताट नव्हतं.

तक्त्यात जे लिहिलं ते कँटीनचं आठवड्याचं पत्रक. दर सोमवारी भिंतीला चिकटवायचे ते. एकतीस वर्षं त्यात एक शब्द बदलला नाही, रविवारी कारखाना बंद. मला ते झोपेत म्हणता येतं. तुझा कोरा रकाना समोर आला आणि हात आपोआप ते लिहून मोकळा झाला. म्हणून तुझे तिन्ही बुधवार सारखे.

आता तिसऱ्या बुधवारचं. तू लिहिलंस की सगळं बुडतंय, म्हणून मी ठरवलं, एक दिवस खाऊन दाखवू, डबा खूश होईल. लोण्याचा अख्खा ठोकळा पावाला लावून खाल्ला, वर चार अंडी. तक्त्यात मात्र मासाच लिहिला, कारण बुधवार होता. खोट्यालाही शिस्त लागते. त्यानंतर तीन दिवस मी संडास आणि पलंग यांच्यामध्ये राहत होते. तुझा डोंगर तो.

कारण विचारशील. मोठं काही नाही, उगाच डोळे पुसत बसू नकोस. माझ्या हाताला एकाचं माप नाही. एकशे चाळिसांचं आहे, घरी तिघांचं होतं, मग तुझा बाप गेला त्याच्या संसाराला, मग दोघांचं राहिलं. तिथवर आले. आजोबा गेल्यावर दोघांचंच करत राहिले, अर्धं टाकायचे. टाकताना जीव जायचा. एकाचं करून पाहिलं तर पातेल्याच्या तळाला चिकटून करपायचं. दोनदा करपलं, मग शेगडी पेटवणंच सोडलं. आजोबांच्या आठवणीने घास उतरत नाही वगैरे म्हणू नकोस. जिवंत असताना तो माणूस जेवताना तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचा आणि मीठ कमी असलं तरच बोलायचा. पण पत्रामागे कोणीतरी चावतंय हे ऐकू यायचं. तेव्हा ऐकू यायचं मला.

तू त्या बाईंना सांगितलंस की आजीच्या ताटाची काळजी नको. ते वाचल्यावर मी कोणत्या तोंडाने लिहिणार होते की ताटच नाही? एकशे चाळिसांना वाढणारी बाई चहा पिऊन राहते, हे नातीच्या कागदावर जाणार, तिथली शिकलेली माणसं वाचणार. म्हणून लिहिलं खोटं. एकदा लिहिलं की दुसरं लिहावंच लागतं.

पण कँटीनमध्ये माझ्या हाताखालची एक बाई मीठ न घालता "घातलं" म्हणायची. तिला मी काढलं होतं. न घातलेल्यापेक्षा खोटं सांगण्याचा राग जास्त. कारण मग बाकीचे आपल्याच जिभेवर शंका घेतात, सगळं पातेलं चाखत बसतात आणि वेळेवर वाढणं होत नाही. मी तुझ्याशी तेच केलं. तू पाच डबे उघडलेस.

अहवालात स्पष्ट लिही: सात नंबरने न खाता खाल्लं म्हणून लिहिलं. हवं तर नावही लिही, मला चालेल. बाईंना हे पत्र दाखव. अक्षराबद्दल माफी माग, बाकी कशाबद्दल मागू नकोस. ती मी मागते आहे.

आजी

१७ मार्च

आजी,

पत्र वेळेत मिळालं. सही केली नाही.

मोठ्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग अठरा दिवसांच्या रेघा पुन्हा काढायला लावल्या. सतरा सपाट, एक डोंगर. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण सगळे त्याला खोटं ठरवत होतो आणि तो अठराही दिवस खरं सांगत होता." पण ते अठरा दिवस अहवालात धरता येत नाहीत, कारण तक्ता खोटा आहे. महिनाभराची मुदत मिळालीय. खरे सहा दिवस लागतील. तुझे द्यायचे की नाही ते तू ठरव. मी मागणार नाही.

डब्याचं झालं. आता माझं.

तू जानेवारीत लिहिलंस की पट्टा सैल होतो, बांगडीसारखा घसरतो. मी बसून हिशोब केला की त्या फटीतून किती उजेड गळत असेल. दोन पानं भरून हिशोब केला. तुझा हात बारीक का झाला हे माझ्या डोक्यात आलं नाही. दोन भोकं पाडली आणि पाठवून दिलं. यंत्राने सांगितलं की तू जेवत नाहीस, तेव्हा मी यंत्र दुरुस्त करायला घेतलं.

आजी, माझ्याकडे राहायला ये. खोली रिकामी आहे. बाबांना मी काही सांगितलं नाही, पण डॉक्टरला दाखवून ये, या आठवड्यात. एवढं मी मागते आहे.

भिंगरी

३० मार्च

भिंगरे,

आशीर्वाद.

डॉक्टरकडे जाऊन आले. वजन केलं, नाक मुरडलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "आजी, जेवायला हवं." एवढं शिकून तेवढंच कळलं त्याला. रक्त काढायला तीनदा टोचलं, चौथ्यांदा मिळालं. तुझा डबा लवकर बाजारात आण.

पट्ट्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला फसवायला बसले होते आणि तू फसलीस. फसवणारीने नीट काम केलं, एवढाच त्याचा अर्थ.

तुझ्याकडे येत नाही. तू सकाळी आठला जातेस आणि अंधार पडल्यावर येतेस. मी तिथे दुसऱ्या खिडकीतून दुसरी भिंत बघत बसेन. इथली भिंत तरी ओळखीची आहे. तू इथे ये, अहवाल गेल्यावर. आधी कळव, म्हणजे दोघींचं करीन. दोघींचं जमतं मला.

सहा दिवस दिलेत. तक्ता छापील आहे, त्यात मावलं नाही म्हणून इथे लिहिते.

सोमवार. दुपारी एक. भात एक मूठ. मोठ्या पातेल्यात शोधावा लागला. थोडा लागला तळाला. लोणी नखभर. संपवला.

मंगळवार. चहा, दोन बिस्किटं. शेगडीपर्यंत गेले, परत आले. जेवण नाही. डबा बांधला होता, सहाही वेळा बटण दाबलं.

बुधवार. बटाटा एक, अंडं एक. ओट्याशी उभ्याने. मासा लिहायला हात गेला होता, आवरला.

गुरुवार. लहान पातेलं विकत आणलं. दुकानदार म्हणाला, हे दूध तापवायचं आहे. मी म्हटलं, तुला काय करायचंय? त्यात भात केला. करपला नाही. वर साय. बसून खाल्ला.

शुक्रवार. लोण्यात बटाटे दोन, अंडी दोन, पाव. बटाटे परतताना वास आला आणि पोटात कळ आली. मला वाटलं पुन्हा पोट बिघडलं. थोड्या वेळाने कळलं, भूक होती. ओळखू आली नाही.

शनिवार. मासेवाल्या बाईकडे गेले. तिने नेहमीसारखं विचारलं, "घरी किती माणसं?" कोणी असं विचारलं की मी पुढे निघून जायचे. म्हटलं, "एक." तिने एक तुकडा कापला, लहानसा. घरी आणून तळला. पुरला.

कार्ड सोबत आहे. दर वेळी हिरवा दिवा लागला, पण आत काय लिहिलंय ते मला दिसत नाही. रेघ चढली असेल तर कळव. सपाट निघाली तरी कळव.

आजी